पुठ्ठ्याचं झाकण

सिग्नलला गाडी थांबली होती. काचेतून तिरपं ऊन आत येत होतं आणि डॅशबोर्डवरची धूळ नको तितकी दिसत होती, म्हणून तिनं हात लांबवून शेजारच्या सीटसमोरचा भाग बोटानं पुसला, आणि बोट अडकलं. काळ्या आवरणाची कड तिथं उचलली गेली होती. नखाखाली काहीतरी भुरभुरलं. तिनं बोट जवळ घेऊन पाहिलं. वाळलेल्या खळीचा पिवळट कण होता. खळ आहे हे कळायला तिला विचार करावा लागला नाही, तिचं लहानपणच त्या वासात गेलं होतं. तिनं कड जराशी ओढली. ती वहीच्या कव्हरासारखी वर आली आणि खाली तपकिरी पुठ्ठा दिसला. गाडीत पुठ्ठा कशाला, असा प्रश्न तिच्या मनात पुरता उमटलाही नव्हता तोच मागच्या गाडीनं हॉर्न दिला. सिग्नल सुटला होता. कुणाच्या तरी घरी नको ते कपाट उघडलं गेल्यासारखी तिनं ती कड घाईनं दाबून बसवली आणि गाडी पुढं काढली.

गाडी बाइंडरकाकांची होती. म्हणजे आता तिची होती, पण मनातल्या मनात ती अजून ‘काकांची गाडी’च म्हणायची. वडिलांचा छापखाना होता तेव्हापासून काका तिथं पुस्तकबांधणीचं काम करत; वडील गेल्यावर छापखाना दादानं चालवायला घेतला आणि काकाही त्याच्याबरोबर तिथंच राहिले, डोळे अधू होऊन घरी बसेपर्यंत. शाळा सुरू व्हायच्या आधी तिची पुस्तकं काकांकडे जायची आणि नवीन कपडे घातल्यासारखी परत यायची. काका म्हणायचे, “पाठीवरनं अंगठा फिरव. अडकला तर परत आण.” ती प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवरून अंगठा फिरवायची, पुठ्ठ्याचे कोपरे बघायची, पानं मोजून कुठलं राहिलं तर नाही ना हेही पाहायची. अंगठा कधी अडकला नाही. तिच्या त्या खोडीमुळे काकांनी तिचं नाव ‘तपासनीसबाई’ ठेवलं, आणि पुढं ती खरोखरच तेच झाली. विमा कंपनीत गाड्यांच्या नुकसानीचे दावे तिच्या टेबलावर येत आणि त्यांतलं खरं किती, बनवलेलं किती हे ती ठरवत असे. म्हणूनच दादानं गाडीचं सुचवलं तेव्हा आधी कुणा जाणकाराला दाखवू, असं ती म्हणाली होती; दादा हसला होता. “काकांची गाडी आहे. त्यांच्या हातातनं गेलेल्या वस्तूत तू काय शोधणार?” तरीही तिनं कंपनीतल्या नोंदी बघितल्याच. त्या गाडीवर अपघाताचा एकही दावा कधी दाखल झाला नव्हता. तेवढ्यावर तिचं समाधान झालं, याचं आता गाडी चालवता चालवता तिला नवल वाटू लागलं. दावा केला नाही याचा अर्थ अपघात झाला नाही, असं दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर तिनं लाल पेनानं त्याखाली रेघ मारली असती.

ऑफिसात दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. पडद्यावर एकामागून एक फोटो येत होते: चेमटलेली बॉनेटं, तडकलेल्या काचा, स्टिअरिंगमधून फाटलेल्या जिभांसारख्या लोंबणाऱ्या एअरबॅगच्या पांढऱ्या पिशव्या. शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, “आज दावे पास करताय की काय? कुणावर ओरडला नाहीत.” ती नुसती हसली. दुपारच्या सुटीत डबा तसाच ठेवून ती खाली पार्किंगमध्ये गेली, गाडीत बसली आणि दारं लावून घेतली. किल्ली फिरवल्यावर समोरचे दिवे लागले, विझले. त्यात एक दिवा लागलाच नाही. बसलेल्या माणसाचं आणि हवेच्या पिशवीचं चित्र असलेला तो छोटा लाल दिवा क्षणभर लागून विझायला हवा होता. इतके आठवडे ती रोज ही किल्ली फिरवत होती आणि न लागणारा दिवा तिच्या लक्षात आला नव्हता. नसलेली गोष्ट दिसायला जास्त तयार नजर लागते, हे ती नवीन आलेल्यांना शिकवायची. मग तिनं स्टिअरिंगच्या मधल्या भागावरचं शिवलेलं कव्हर पाहिलं. हौसेनं बसवलं असेल असं तिला तोवर वाटत होतं. टाके बाइंडिंगच्या जाड मेणदोऱ्याचे होते, आणि वाकडे होते. एक लांब, एक आखूड, मध्येच दोन एकावर एक. डॅशबोर्डवर रजिस्टरांना लावतात ते काळं रेक्झिन होतं आणि कोपऱ्यात त्याची घडी जमली नव्हती म्हणून नुसतंच चुरगाळून खुपसलं होतं. काकांनी असा कोपरा जन्मात केला नसता. तिला प्रथम राग आला तो फसवलं गेल्याचा नव्हे, कामाचा. मग मात्र हळूहळू दुसरा विचार वर आला. शेजारच्या त्या सीटवर आई बसायची. गुडघ्यांच्या व्यायामाला जाताना, पर्स मांडीवर घेऊन, पट्टा लावायला कुरकुरत.

घरी जाताना ती गॅरेजमध्ये थांबली. गॅरेजवाल्यानं स्टिअरिंगचं कव्हर उसवलं, डॅशबोर्डवरचा पुठ्ठा काढला आणि आत बॅटरी मारून दाखवली. दोन्हीकडे पिशव्या नव्हत्या. कापून काढल्या होत्या. कडेला कात्रीनं कातरलेल्या पांढऱ्या कापडाची झालर तेवढी राहिली होती. “समोरून जोरात बसलेली गाडी आहे,” तो म्हणाला. “बाहेरचं काम बरं केलंय कुणीतरी. आतलं मात्र घरगुती आहे. दिव्यावर आतून काळा कागद चिकटवलाय.” ती त्याच्याकडे बघत राहिली. हा आपलं काम वाढवायला तर सांगत नसेल? कात्री याच्याच खणात नसेल कशावरून? तिच्या समोर तर त्यानं उघडलं होतं सगळं. तरीही घरी पोचेपर्यंत तिनं त्याच्या हातांची प्रत्येक हालचाल मनात पुन्हा करून पाहिली. ही सवय तिला माहीत होती. तिच्याशी मांडलेला संसार मोडून गेलेला माणूस जाताना भांडला नव्हता, एवढंच म्हणाला होता, “तुला खरं सांगून उपयोग नाही. तू तेही तपासणार.” तो खरं सांगत होता की नाही हे तिला अजून कळलेलं नव्हतं, आणि कधी कधी भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना ती ते पुन्हा पहिल्यापासून तपासायला घ्यायची.

दादाला तिनं फोन केला. गाडीबद्दल काही ठाऊक होतं का, असं सरळ विचारलं. पलीकडे छापखान्यातलं यंत्र धडधडत होतं. ते थांबल्याचा आवाज आला, आणि मग दादा म्हणाला, “का, काय झालं?” तिला उत्तर मिळालं होतं. काही माहीत नसलेला माणूस यंत्र बंद करत नाही. “काही नाही,” ती म्हणाली. “चढावर जरा दम खाते.” खोटं बोलताना आपला आवाज किती सहज लागतो, हे तिच्या लक्षात आलं. आईला तिनं दुसऱ्या दिवशी टॅक्सीनं पाठवलं; गाडीचं काम निघालंय, म्हणाली.

शनिवारी दुपारी ती काकांकडे गेली. जिना चढताना तिनं काय काय विचारायचं ते ठरवून घेतलं होतं, दावेदारांना विचारतात तसं: आधी सोपं, मग अवघड, मग पुन्हा सोपं पण वेगळ्या शब्दांत. दार काकूंनी उघडलं. “तपासनीसबाई आल्या,” काका खुर्चीतूनच म्हणाले. आवाजावरनं ओळखलं की पावलांवरनं, कोण जाणे. काकूंनी पाणी द्यायच्या आधी विचारलं, “गाडी त्रास देत नाही ना?” तिनं ते टिपून घेतलं. काका बोलत होते, आईचे गुडघे, दादाचं नवं यंत्र, पण बोलताना तिच्या डोळ्यांत बघत नव्हते. नजर तिच्या कानाजवळून कुठंतरी भिंतीकडे जात होती. तिला वाटलं, झालं, हेच ते. लपवणारी माणसं अशीच बघतात. ज्या माणसानं तिला पुस्तकाची पाठ तपासायला शिकवलं त्याची नजर चुकताना पाहून तिला एकाच वेळी जिंकल्यासारखं आणि काहीतरी हातातून पडून फुटल्यासारखं वाटलं. तिनं स्वतःची नजर खोलीत फिरवली. पलंग, कपाट, खिडकीशी काकूंचं शिवणयंत्र. यंत्रावर पांढरं आच्छादन होतं. जाड, घट्ट विणीचं, कडेला मशीनची दुहेरी शिवण, कोपऱ्यात बारीक काळे आकडे छापलेले. मधे एक गोल भोक होतं, आणि त्यावर काकूंनी निळ्या कापडाचं ठिगळ लावलं होतं. असं कापड बाजारात मिळत नाही. ती ते रोज पडद्यावर पाहत होती.

ती उठून यंत्राजवळ गेली आणि आच्छादनावरून हात फिरवला. मागे बोलणं थांबलं. काकू चहाचे कप घेऊन आल्या आणि तिथंच उभ्या राहिल्या. कप खाली ठेवताना त्यांच्या बाह्या वर सरकल्या, आणि दोन्ही हातांच्या आतल्या बाजूला कोपराखाली कातडी गुळगुळीत, फिकट गुलाबी दिसली. जुन्या भाजल्याची. पिशवी फुटते तेव्हा स्टिअरिंग धरलेल्या हातांना ती तिथंच भाजते. शेजारी बसलेल्याला नाही. शेजारी बसलेला माणूस घाबरून हात पुढं टेकवतो. तिनं काकांच्या हाताकडे पाहिलं. उजवा अंगठा सरळच राहिला होता, कपाच्या कानात वळत नव्हता. ते कप दोन्ही तळव्यांत धरत होते. ठरवलेले सगळे सोपे प्रश्न ती विसरली. “काकू,” तिनं विचारलं, “गाडी तुम्ही चालवत होता ना?”

“मी चालवत होतो,” काका म्हणाले. फार लवकर म्हणाले.

“राहू दे आता,” काकू म्हणाल्या. त्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि बाह्या खाली ओढून घेतल्या. मग त्यांनी सांगितलं. काकांचे डोळे बिघडल्यावर डोळ्यांच्या दवाखान्यात सारखं जावं लागे. बसची चढउतार त्यांना जमेना. गाडी दाराशी उभी होती. तेव्हा काकांनीच त्यांना शिकवलं, घरामागच्या रस्त्यावर, पहाटे, कुणी बघत नसताना. परवाना काढला नव्हता. या वयात परीक्षा द्यायची काकूंना लाज वाटली. गाडी त्या चालवायच्या आणि रस्ता काका बघायचे. वळव, थांब, घे. असं बरेच महिने नीट चाललं.

“त्या दिवशी टेम्पो उभा होता समोर,” काकू म्हणाल्या. “मला दिसत होता गं. मागच्या फळीवरचे लाल दिवे दिसत होते, एक फुटलेला होता तोही दिसत होता. पण हे म्हणाले, मोकळं आहे, घे. उभा जन्म ह्यांनी सांगायचं आणि मी करायचं. मला वाटलं, मलाच भलतं दिसत असेल.” त्यांनी उजव्या पावलाकडे पाहिलं. “पाय ब्रेककडे गेलाच नाही.”

काका भिंतीकडे बघत होते. “मला रस्ता रिकामा दिसला,” ते म्हणाले. “मधलं काही दिसतच नाही मला. कडेचं दिसतं. आत्ता तुझ्याकडे बघायचं तर मला तुझ्या कानाकडे बघावं लागतं, तेव्हा तुझं तोंड कडेनं जरा उमटतं. इतकं झालंय हे मी हिला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांकडेसुद्धा हिला बाहेर बसवायचो.”

तिनं नजर खाली घेतली. मघाशी आपण काय टिपून ठेवलं होतं ते तिला आठवलं आणि कानाची पाळी गरम झाली. पण राग गेला नाही. तो गेला असता तर बरं झालं असतं. टेम्पोवाल्याला काही झालं नव्हतं, काकू सांगत होत्या, बाहेरचं काम लांबच्या एका गॅरेजात करून घेतलं, आतलं घरीच करू असं हे म्हणाले. ह्यांचा अंगठा गेलेला, म्हणून हे सांगायचे आणि मी करायची, खळ मी शिजवली, टाके मी घातले, कापड चांगलं होतं, फेकवेना. बोलता बोलता काकू किंचित हसल्यासुद्धा. “मला मेलीला काय ठाऊक ती पिशवी कशाला असते. मला वाटलं, एकदा फुटली, झालं.”

“काका, तुम्हाला ठाऊक होतं,” ती म्हणाली. “तिथं आई बसते माझी.”

खाली कुणीतरी बादली आपटली. काकांनी कप जमिनीवर ठेवायला हात खाली नेला, जमीन चाचपली आणि मग ठेवला. “होतं ठाऊक,” ते म्हणाले. “घरापुरतं केलं होतं. विकायचं मनात नव्हतं. मग तुझा दादा म्हणाला, तुला गाडी हवीय. त्या वेळी सांगायचं तर हिचं नाव निघालं असतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो. तोंडातनं निघालं नाही.” मग थोड्या वेळानं, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलावं तसं, “वाईट काम केलं,” म्हणाले. ते त्या टाक्यांबद्दल बोलत होते की सगळ्याबद्दल, हे तिनं विचारलं नाही. दादाला अपघाताचं माहीत होतं, हेही त्यांनीच सांगितलं. दवाखान्यात तोच आला होता. काकूंच्या हातून गाडी काढून घेण्याचं त्यानंच मनावर घेतलं. पिशव्यांचं मात्र त्याच्यापासूनही लपवलं होतं.

ती निघाली तेव्हा काकू जिन्यापर्यंत आल्या. आता माफी मागतील, रडतील, कुणाला सांगू नकोस म्हणतील, असं तिला वाटत होतं आणि ती मन आवळून उभी होती. काकूंनी कठड्याला हात लावला, खाली उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “परत आणू नकोस ती इथं. दिसली की किल्ली हातात घ्यावीशी वाटते.” आणि मग हळू आवाजात, दाराकडे एकदा बघून, “मला आवडायचं चालवायला. ह्यांना वाटतं मी ह्यांच्यासाठी शिकले.”

त्या संध्याकाळी दादाशी बोलणं झालं ते थोडक्यातच. “तुला सांगितलं असतं तर घेतली असतीस?” त्यानं विचारलं. नाही, ती म्हणाली. “म्हणून,” तो म्हणाला. पिशव्यांचं ऐकल्यावर मात्र त्याचा आवाज बसला. “मला खरंच माहीत नव्हतं.” तिनं त्यावर विश्वास ठेवला का? ठेवायचं ठरवलं. या दोन गोष्टी एक नाहीत हे तिला कळत होतं, पण इतक्या वर्षांत ठरवूनसुद्धा तिनं कुणावर विश्वास ठेवला नव्हता. गॅरेजवाल्यानं नव्या पिशव्या मागवल्या होत्या, जुनं मॉडेल असल्यामुळे त्या यायला वेळ लागणार होता. तोवर आईचं जाणं-येणं टॅक्सीनं. आई विचारायची, इतके दिवस कसलं काम असतं गाडीचं, आणि ती सांगायची, असतं काहीतरी. आई तिच्याकडे निरखून बघायची. आपल्याकडे कुणी असं बघितलं की कसं वाटतं हे तिला नवीन होतं.

मग एका रविवारी सकाळी तिनं काकूंना फोन केला. का केला हे तिला नीट सांगता आलं नसतं. दया म्हणावी तर तिला दयेचा संशय यायचा, स्वतःच्या तर जास्तच. आपण अजून तपासतच आहोत, ही बाई खरं बोलली का हे बघायला तिच्या हातात स्टिअरिंग देतोय, असंही तिला वाटून गेलं, आणि तसं असेल तर असो, असंही. काकूंचा शिकाऊ परवाना काढून झाल्यावर ती त्यांना बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानावर घेऊन गेली. काकू स्टिअरिंगमागं बसल्या, बाह्या दुमडल्या, सीट पुढं ओढली. ती शेजारी बसली. तिच्या समोर डॅशबोर्डात चौकोनी उघडं भोक होतं. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले, बोटं एकमेकांत घट्ट अडकवली आणि पाय जमिनीला रोवले. काकूंनी किल्ली फिरवली. गाडीनं एक गचका दिला, बंद पडली, पुन्हा सुरू झाली. मैदानाच्या टोकाला कारखान्याची भिंत होती आणि भिंतीला लागून आडवा रस्ता गेला होता. त्यावरून मधूनमधून सायकली, एखादा ट्रक जात होता. गाडी हळूहळू त्या टोकाशी आली आणि थांबली.

“मोकळं आहे का?” काकूंनी विचारलं. मान वळवली नव्हती. नजर सरळ समोर होती आणि उत्तराची वाट बघत होती.

तिच्या बाजूनं रस्ता दिसत होता. दूरवर एक ट्रक होता, जवळ येतो की लांब जातो ते अजून कळत नव्हतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. तिनं ते आत ठेवले आणि काचेतून समोर बघत बसली. “मला नका विचारू,” ती म्हणाली. “तुम्हाला काय दिसतंय?”

इंजिन घुरघुरत होतं. मग त्यांनी आधी एकीकडे मान वळवली, तिथं बराच वेळ बघितलं, मग दुसरीकडे वळवली. “ट्रक आहे,” त्या म्हणाल्या. “येतोय.” आणि त्यांचा पाय ब्रेकवर तसाच घट्ट राहिला. ट्रक त्यांच्या समोरून धूळ उडवत गेला, आणि काकू पुन्हा एकदा, आधी इकडे, मग तिकडे, बघू लागल्या.